थांबण्याचा रकाना

९ जानेवारी

तक्ता आज संपला. अकरा टर्मिनलं, पाच जाती, आणि एकीचं दुसरीशी पटेल तर शपथ. एकाला पडदा पुसायला जी खूण पाठवायची तीच दुसऱ्याला पाठवली की ते घंटी वाजवतं, आणि तिसरं काहीच न करता नुसतं बघत बसतं. आमच्या बॉयलर तपासणी कार्यालयानं दरवर्षी वेगळ्या दुकानातून खरेदी केली, त्याची ही फळं. खायची मात्र मी.

जुना एडिटर बरा होता असंही नाही. तो एका वेळी एकच ओळ दाखवायचा. ओळीचा नंबर सांगा, ओळ बघा, दुरुस्त करा, पुढची मागा. अख्खं पान कसं दिसतंय ते कागदावर छापून येईपर्यंत देवालाच ठाऊक. टेपवर नवा एडिटर आला आहे तो पूर्ण पान पडद्यावर मांडतो. पण आपण कोणत्या यंत्राशी बोलतोय हे त्याला कळायला हवं, म्हणून हा तक्ता. प्रत्येक जातीला एक ओळ: पडदा केवढा, पुसायचा कसा, कर्सर हलवायचा कसा, मजकुराच्या मधे नवी ओळ घालता येते का. शेवटचा रकाना थांबण्याचा. काही यंत्रं काम करत असताना बहिरी असतात, तेवढ्यात पाठवलेली अक्षरं पडद्यावर उमटतच नाहीत. म्हणून किती थांबून पुढचं पाठवायचं तो आकडा तिथे लिहायचा.

चार जातींची पुस्तकं मिळाली. पाचवीचं, म्हणजे टायपिस्ट मंडळी ज्याला ढब्बू म्हणतात त्याचं, स्टोअरकीपरला सापडेना. "असेल कुठेतरी," हे त्याचं सर्व प्रश्नांवरचं उत्तर आहे. ढब्बू आणि हिरव्या पडद्याचा पोपट एकाच कंपनीचे, थोरला आणि धाकटा भाऊ. मी पोपटाची ओळ जशीच्या तशी ढब्बूला उतरवली. थांबण्याच्या रकान्यात पोपटाला शून्य, म्हणून ढब्बूलाही शून्य. तासभर चालवून पाहिलं, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. मुख्यसाहेब येऊन पाहून गेले आणि "छान" म्हणाले. ते वर्षातून एकदाच छान म्हणतात, यंदाचं जानेवारीतच वसूल झालं.

१४ जानेवारी

आज टाइपरायटर खोलीतून हलले. टायपिस्टांना टर्मिनलं निवडू दिली. सगळ्यांनी नवी पटकावली, आत्यानं ढब्बू घेतला. "बाकीच्यांच्या कळा हाताखाली आहेत की नाहीत तेच कळत नाही. याच्या हाताला लागतात," म्हणाली.

आत्या इथली सर्वांत जुनी टायपिस्ट, सव्वीस वर्षं झाली. माझे आईवडील गेले तेव्हा मी चार वर्षांचा होतो. तिनंच वाढवलं, शिकवलं, आणि आजही आमच्याकडे मागच्या खोलीत राहते. घरी मी बाळ्या. ऑफिसात सर्वांदेखत ती मला "साहेब" म्हणते, आणि ते म्हणताना भुवया अशा उडवते की माझा चहा घशात अडकतो.

तिचा हात चालू असला की एकेक कळ वेगळी ऐकू येत नाही, सलग आवाज येतो. नजर कागदावर, पडद्याकडे फक्त शेवटी. कोणी बोलत असलं तरी तिची बोटं मांडीवर चालूच असतात. समोरचा जे बोलतो ते ती टाइप करत असते, तिला त्याचा पत्ताही नसतो. लहानपणी मी थाप मारायला लागलो की बोटं थांबायची. ती रागवायची नाही, काही म्हणायची नाही, नुसती बोटं थांबायची, आणि मला कळायचं की आपण पकडले गेलो. अजूनही तिच्याशी बोलताना माझी नजर आधी तिच्या हातांकडे जाते.

२७ जानेवारी

आत्या जिन्यात गाठून हळूच म्हणाली, "साहेब, तुमचं यंत्र अक्षरं खातं."

म्हटलं, बघतो. जेवणाच्या सुट्टीत ढब्बूवर बसून तिचंच एक प्रमाणपत्र पूर्ण टाइप केलं. दोन बोटांनी का होईना, पण पूर्ण. एक अक्षर गेलं नाही. मग केबल तपासली, कळा काढून साफ केल्या, पुन्हा टाइप केलं. काही नाही. चष्मेवालीला तिथे बसवून पाहिलं. ही नवीन लागलेली टायपिस्ट, प्रत्येक कळ हुडकून मग दाबते. तिचंही पान स्वच्छ.

घरी बायकोला सांगितलं, नाचता येईना अंगण वाकडं. ती शाळेत गणित शिकवते, कोणतीही गोष्ट तिला गृहीत चालत नाही. तिनं विचारलं, "पण तुम्ही दोन बोटांनी टाइप करता ना?" मी म्हटलं, अक्षर ते अक्षर, यंत्राला बोटं मोजता येत नाहीत. ती गप्प बसली. वादात मी जिंकण्याचे प्रसंग थोडे, म्हणून नोंदवून ठेवतो.

३ फेब्रुवारी

आज हसावं की रडावं कळेना. एका कापड गिरणीचा बॉयलरवाला प्रमाणपत्र घेऊन थेट मुख्यसाहेबांसमोर उभा. कमाल दाब सात किलो असायचा, छापलाय सत्त्याहत्तर. "साहेब, आमचा बॉयलर सत्त्याहत्तरला चालवायचा असेल तर आधी माझी बदली करा," म्हणाला. सगळे हसले. मुख्यसाहेब हसले नाहीत. त्यांचं म्हणणं, याच्याऐवजी एखादा आज्ञाधारक असता तर आपण कोणाकोणाच्या घरी सांत्वनाला गेलो असतो?

प्रमाणपत्र आत्याचं. तिनं छातीवर हात ठेवून सांगितलं की पडद्यावर एकच सात होता. आधी तर तोही दिसत नव्हता, ओळीच्या सुरुवातीला रिकामी जागा होती. मग तिनं तो घातला, एक सात दिसला, थोडा आत सरकून, पण एकच.

मी फाइल पोपटावर उघडली. सत्त्याहत्तर. मग तिला बरं वाटावं म्हणून तिच्याच ढब्बूवर नव्यानं उघडून दाखवली. तिथेही सत्त्याहत्तर. ती पडद्याकडे बघत राहिली. नंतर म्हणाली, "मी एकच पाहिला रे." सर्वांसमोर साहेब म्हणायचं राहिलं.

११ फेब्रुवारी

मुख्यसाहेबांच्या हुकुमावरून महिनाभराची सगळी प्रमाणपत्रं तपासली. चुकीची एकोणीस. एकोणीसच्या एकोणीस आत्याची. दुसऱ्या कोणाचं एकही नाही. चष्मेवाली दिवसाला चार करते, पण चारही निर्मळ.

चुकांची तऱ्हा विचित्र आहे. सगळ्या ओळीच्या सुरुवातीला, पहिलं एखादं अक्षर किंवा आकडा दोनदा. त्यातही जुन्या प्रमाणपत्रात मधेच नवी ओळ घातलेली असेल तिथे, आणि पानाच्या वरच्या भागात जास्त. खाली येता येता चुका कमी होतात, शेवटच्या दोनचार ओळींत नाहीतच. थकव्यामुळे म्हणावं तर उलट व्हायला हवं, माणूस शेवटी थकतो. बायको हे ऐकून म्हणाली की चुकणाऱ्या माणसाला असा नियम पाळता येत नाही. मी म्हटलं, वय झालं की कसलं काय होतं सांगता येत नाही. आजीच्या वेळी आपण पाहिलंच आहे.

आत्या भाजी निवडत होती. आजीचं नाव ऐकलं तेव्हा तिनं वर पाहिलं. मी जरा हळू बोलायला हवं होतं.

१२ फेब्रुवारी

अहवाल दिला. "टर्मिनल, केबल, डिस्क व एडिटर यांची तपासणी केली. यंत्रणेत दोष आढळला नाही." खाली माझी सही. खोटं काही लिहिलेलं नाही, मग पेन इतकं जड का झालं कोण जाणे.

२० फेब्रुवारी

सकाळी चहा करायला गेलो तर डब्यांवर चिठ्ठ्या. मीठ. साखर. चहा. आत्याच्या अक्षरात. आमच्या घरात साखरेचा डबा तीस वर्षं तिथेच आहे, आंधळ्यालाही सापडेल. बायकोनं विचारलं तर म्हणाली, "आत्तापासून सवय असलेली बरी."

आजीनं शेवटची नऊ वर्षं कोणाला ओळखलं नाही. चहात मीठ घालायची, आणि आत्याला भलत्याच नावानं हाका मारायची. आत्या त्या नावाला ओ द्यायची. नोकरी करून, मला शाळेत धाडून, दुपारी धावत येऊन आजीला भरवून पुन्हा ऑफिसात जायची. "आईचं झालं तसं माझं होऊ लागलं की मला आधी सांगा रे, मी गडबड करायच्या आत," हे तिनं मला एकदा नाही, दहादा सांगितलेलं आहे. आता मी सांगितलं असंच ती धरून चालली आहे. सही करून सांगितलं.

डॉक्टरकडे नेलं. त्यांनी शंभरातून सात सात वजा करत जायला सांगितलं. ती घडाघडा खाली उतरली, दोनावर येऊन थांबली आणि पुढे जाऊ का म्हणून विचारलं. डॉक्टर म्हणाले, मला तर काही दिसत नाही. परत येताना मी म्हटलं, बघ. ती म्हणाली, "तिथे बरोबर येतं रे. कागदावर कुठे येतं?"

रस्ता ओलांडताना तिनं माझं मनगट धरलं, जसं मी लहान असताना धरायची. फक्त आता कोण कोणाला नेतंय ते कळत नव्हतं.

२८ फेब्रुवारी

या पंधरवड्यात आणखी सात. ती आता प्रत्येक पान तीनदा वाचते. पडद्यावर बरोबर दिसतं, कागदावर चुकतं. जितकी जास्त दुरुस्त करते तितकं जास्त बिघडतं. काल तिचं टायपिंग ऐकलं, तो सलग आवाज गेला होता. ओळ, मग शांतता, मग ओळ.

मुख्यसाहेबांनी मला बोलावलं. वाईट माणूस नाही. म्हणाले, त्यांनी स्वतःच आवक-जावक विभागात बदली मागितली तर सन्मान राहील. तिथे पाकिटांवर हातानं पत्ते घालायचे असतात. चूक झाली तर फार तर पाकीट परत येतं.

घरी आत्याला कसं सांगावं याची उजळणी करत आलो. तिनंच आधी कागद पुढे केला. अर्ज लिहायला घेतला होता, दोन ओळींवर अडली होती. "तू घाल रे शब्द, तुला सरकारी भाषा येते." मी घातले. "वयोमानानुसार स्मरणशक्ती व लक्ष यांत पडलेला फरक ध्यानी घेता". तिनं वाचलं, छान झालाय म्हणाली, आणि सही केली. बायको आतल्या खोलीत गेली ती जेवायलाच आली. मला म्हणाली, "ज्या हातानं वाढवलं त्याच हाताकडून हे लिहून घेतलंत." मी चिडलो. चिडण्यापलीकडे काय करणार होतो?

३ मार्च

आत्या आवक-जावकला गेली. जाताना ढब्बूवर आच्छादन घालून गेली. "साहेब, येते," म्हणाली. भुवया उडवल्या नाहीत.

१९ मार्च

सोळा दिवस वही उघडली नाही. प्रमाणपत्रांत आता एकही चूक नाही. मुख्यसाहेब दर आठवड्याला सांगतात, आणि मी मान हलवतो. ढब्बू रिकामाच आहे.

९ एप्रिल

पोपटांपैकी एकाचा पडदा गेला म्हणून मेकॅनिक आला होता. पांढऱ्या मिशांचा, बोलका. काम झाल्यावर म्हटलं, आलाच आहात तर ढब्बूवर नजर टाका, चष्मेवालीला तिथे बसवायचं आहे. त्यानं मागचं झाकण उघडलं, आत फुंकर घातली आणि म्हणाला, "चांगला आहे हो. म्हातारा आहे, एवढंच. याला ओळ सरकवायला वेळ लागतो. मधे घाई केली की अक्षरं खातो. थांबण्याचा आकडा किती दिलाय?"

मी शून्य म्हणालो.

तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतोय. मग समजावून सांगायला लागला. मधे नवी ओळ घातली की खालची प्रत्येक ओळ हा एकेक करून खाली ढकलतो. पानाच्या वरच्या भागात घातली तर वीस ओळी ढकलायच्या, तेवढा वेळ तो ठार बहिरा. खाली घातली तर दोनच, लगेच मोकळा. धाकट्या भावाला नवी मेमरी आहे, त्याला हे कष्ट नाहीत. "पण तसं कोणाच्या लक्षात यायचं नाही," तो म्हणाला. "ओळ संपवून माणूस दमभर थांबतोच. न थांबता पुढचं अक्षर हाणणारा टायपिस्ट आमच्या वेळी असायचा, आता कुठे."

वीस ओळी वर, दोन ओळी खाली. मी हे स्वतःच्या हातानं या वहीत लिहून ठेवलं होतं, अकरा फेब्रुवारीला. वाचून पाहिलं. सगळं बरोबर लिहिलंय.

१० एप्रिल

छोटा प्रोग्राम लिहिला. आत्याच्या जुन्या प्रमाणपत्रातली अक्षरं तिच्या वेगानं एडिटरला द्यायची, जणू तीच टाइप करतेय. वेग काढायला तिच्या सेवापुस्तकातली परीक्षेची नोंद सापडली, मिनिटाला ब्याण्णव शब्द. दुपारी ढब्बूवर चालवला.

वरच्या भागात नवी ओळ, लगेच सात. सात पडद्यावर आला नाही. फाइलमध्ये होता. मी कर्सर सुरुवातीला नेऊन सात घातला. एडिटर शहाणा आहे, पडद्यावर जे आधीच आहे असं त्याला वाटतं ते तो पुन्हा पाठवत नाही. त्याच्या मते पहिला सात तिथे होताच, म्हणून त्यानं फक्त दुसरा पाठवला. पडद्यावर एक सात, थोडा आत सरकून. फाइलमध्ये सत्त्याहत्तर.

आत्यानं जे सांगितलं होतं ते अक्षरशः तसं. सुरुवातीची रिकामी जागा, मग एक सात, थोडा आत. तिनं शब्द न् शब्द खरा सांगितला होता आणि मी तिला सर्वांसमोर तिच्याच यंत्रावर सत्त्याहत्तर दाखवला. अख्ख्या ऑफिसात एकच माणूस असा होता की ज्याच्यापुढे ढब्बू कमी पडत होता, आणि आम्ही त्या माणसाला पाकिटं दिली.

अंगण खरंच वाकडं होतं. मीच सारवलं होतं.

११ एप्रिल

मुख्यसाहेबांपुढे सगळं मांडलं. शांतपणे ऐकून घेतलं. मग फाइल उघडली. यंत्रणेत दोष नाही, हा तुमचा अहवाल, तुमची सही. स्मरणशक्तीत फरक, हा बाईंचा अर्ज, त्यांची सही. आता दोन महिन्यांनी तुम्ही म्हणता यंत्रात दोष होता. "बाई तुमच्या आत्या ना? मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. कधी विषय काढला नाही, कारण तुम्ही कधी त्या नात्याचा फायदा घेतला नाही. आज पहिल्यांदाच येताय." शिवाय तक्ता सुधारल्यावर त्या परत आल्या आणि एखादं प्रमाणपत्र चुकलं तर? त्यांनी स्वतः अर्ज मागे घेतला तर पाहू, इतकं मात्र कबूल केलं.

तेवढंच पुरे आहे. आत्यानं अर्ज मागे घ्यायचा, बस. उद्या तिलाच ढब्बूसमोर बसवतो. डोळ्यांनी बघेल तर मानेल.

१२ एप्रिल

तक्त्यात मुद्दाम जुनं शून्यच राहू दिलं. जेवणाच्या सुट्टीत आत्याला वर आणलं. आवक-जावकच्या डिंकानं तिची बोटं चिकट झालेली, ती पदराला पुसत बसली. मी म्हटलं, काही विचारू नकोस, हे प्रमाणपत्र टाइप कर, मधे नव्या ओळी घाल, पूर्वीसारख्या.

तिनं केलं. पण एकेक कळ बघून. ओळ संपली की हात उचलून पडदा वाचायची, बोट लावून, मग पुढची ओळ. तीन ओळी, पाच, आठ. ढब्बूनं एक अक्षर खाल्लं नाही. खाणार कसा, ती त्याला वाटेल तितका वेळ देत होती.

"बघ," ती म्हणाली. "सावकाश केलं की चुकत नाही. म्हणजे चुकत होते ती मीच."

मी म्हटलं, आत्या, सावकाश नको, जोरात मार. पूर्वी मारायचीस तसं. न बघता. तिनं हात ठेवले, अर्धी ओळ त्या जुन्या आवाजात गेली, माझ्या अंगावर काटा आला. आणि ओळ संपायच्या आत थांबली. "नको रे. भीती वाटते आता. कळ दाबली की वाटतं, दाबली का दोनदा?"

मग मी माझा प्रोग्राम चालवला. अक्षरं धावली, सात गायब झाला, मी घातला, छापून दाखवला, सत्त्याहत्तर. घसा कोरडा होईपर्यंत समजावलं. बहिरेपणा, वीस ओळी, थांबण्याचा रकाना, ज्यात मी शून्य लिहिलं. हे मी केलं आत्या, तू नाहीस. तिनं सगळं ऐकून घेतलं. छापलेला कागद नीट घडी करून मला परत दिला.

"माझ्यासाठी यंत्राला चुकायला शिकवलंस होय?" म्हणाली, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. "गुणाचा आहेस. पण मला खोट्याचा आधार नको रे बाळ्या. आईला आम्ही सगळे खोटंच सांगायचो, तुला काही झालेलं नाही म्हणून. तिला कळायचं."

सुट्टी संपायच्या आत ती खाली गेली. पाकिटं पडली होती.

१५ एप्रिल

बायकोनं सांगून पाहिलं. आकृती काढून, गणित मांडून. आत्या म्हणाली, आकृती सुरेख आहे, दोघं मिळून माझी समजूत काढताय. मेकॅनिकला बोलावलं, तो बिचारा स्वखुशीनं आला, सगळं पुन्हा सांगितलं. तो गेल्यावर तिनं मला विचारलं, यांना किती त्रास दिलास? डॉक्टर, बायको, मेकॅनिक, मी. जितके जास्त जण सांगतो तितकी तिची खात्री पटत जाते. पक्कं दुखणं असल्याशिवाय एवढी माणसं कशाला धडपडतील, असा तिचा हिशेब. त्या हिशेबात मला चूक काढता येत नाही.

२२ एप्रिल

ढब्बूचं पुस्तक सापडलं. स्टोअरकीपरच्या कपाटाच्या पायाखाली होतं, कपाट हलू नये म्हणून. पान एकोणचाळीसवर आकडा ठळक छापलेला, प्रत्येक सरकवलेल्या ओळीमागे किती थांबायचं तो. मी तो तक्त्यात भरला. ढब्बू आता हवा तेवढा वेळ घेतो. चष्मेवाली त्याच्यावर बसते, दिवसाला चार प्रमाणपत्रं, मधे शेंगदाणे खाते. तिला त्या आकड्याची गरज नाही. इथे आता कोणालाच नाही.

३० एप्रिल

जेवण झाल्यावर आत्याच्या खोलीत जाऊन बसलो. दारावर आतून चिठ्ठी आहे, "किल्ली घेतली का". कपाटावर आणखी एक. ती खाटेवर बसली होती, हात मांडीवर. मी ठरवून गेलो होतो की यंत्राचा विषय काढायचा नाही. ऑफिसातल्या गमती सांगायला लागलो. स्टोअरकीपरचं कपाट आता डुगडुगतं, त्यानं त्याखाली दुसऱ्या कुठल्यातरी यंत्राचं पुस्तक घातलंय. ती हसली. मी बोलत होतो आणि तिच्या बोटांकडे बघत होतो. बोटं चालत होती. मांडीवर, पूर्वीच्याच वेगानं, शब्द सुटायच्या आत पुढचा. अर्ध्या मिनिटात सव्वादोनशे अक्षरं, एकही दोनदा नाही, मी पैजेवर सांगतो. हात जसेच्या तसे होते, सगळे तिथेच होते.

मला राहवलं नाही. म्हटलं, "आत्या, तुला काहीही झालेलं नाही."

बोटं थांबली.

मी दिवा बारीक करू का म्हणून विचारलं आणि बाहेर आलो.